हौसाबाईची पडणारी पाखरं

एका डोंगरी राज्यात एक राजा होता आणि त्याची एक सरलष्कर होती. राजाचं नाव इंद्रभान, सरलष्कराचं नाव हौसाबाई. राजा तरुण, मनाने चांगला, पण चकाकणारी वस्तू दिसली की त्याचे पाय तिथेच थांबत. हौसाबाई म्हातारी, तोंडाने तिखट, आणि आवाज असा की ती बोलू लागली की तटावरची कबुतरं उडून जात. तिला सरलष्कर कुणी केलं, हे कुणाला आठवत नव्हतं. काढायची छातीही कुणाची नव्हती.

राज्याच्या पश्चिमेला उंच कडे होते. कड्यांमधून खाली उतरणाऱ्या अरुंद, खडकाळ वाटा होत्या. त्यांना तिथले लोक नाळा म्हणत. दसरा झाला, भात कापून शेतात भाऱ्यांच्या उडव्या रचल्या, की पलीकडचा गनीम एखाद्या नाळेतून वर चढे, काठावरचं गाव लुटे आणि धुकं विरायच्या आत उतरून जाई. नाळा पुष्कळ, शिपाई थोडे. आज कुठली नाळ राखायची, हे जर कळलं असतं तर गनिमाची काय बिशाद होती. पण कळत नव्हतं.

आता या राज्यात एक जुनी रीत होती. शस्त्राचं सुतक. दसऱ्याला पूजलेलं शस्त्र ज्याच्या हातून मोडेल किंवा हरवेल, त्याने डोकं भादरून दहा दिवस वेशीबाहेर बसायचं. येणाराजाणारा त्याच्याकडे बघे आणि न बोलता पुढे जाई. रीत घालणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. शिपायाने हत्याराची कदर करावी, एवढंच त्याच्या मनात असेल. पण झालं असं, की शिपाई हत्यारं जपायला शिकले आणि राज्य जपायचं विसरले. तिथल्या तलवारींवर एक ओरखडा नव्हता, आणि अलीकडे जिंकलेली एक लढाई नव्हती.

मागच्याच साली राजाने मोठी किंमत देऊन परमुलखातून एक दुर्बीण आणली. तिची पूजा झाली, तिला हार घातला, आणि मखमलीच्या पेटीत घालून ती कड्यावरच्या चौकीवर गोंदाजी नावाच्या शिपायाकडे दिली. गोंदाजी चांगला मिशाळ गडी, भित्रा नव्हे. पण गनीम आला तो त्याच्याच चौकीखालच्या नाळेने आला, वर चढला आणि पाथरवाडी लुटून गेला. पाथरवाडी म्हणजे हौसाबाईचं माहेर. उडव्या जळल्या, गुरं गेली, आणि तिचा थोरला भाऊ गोठ्याच्या दारात पडला.

हौसाबाईने गोंदाजीला विचारलं, "दुर्बीण पेटीतून काढली का नाहीस?"

गोंदाजी खाली बघत म्हणाला, "बाईसाहेब, दव पडत होतं. काच बिघडली असती तर सुतक आलं असतं."

"आलंच की," हौसाबाई म्हणाली. "माझ्या घरी."

गोंदाजीला तिने शिक्षा केली नाही. पण पुढलं सबंध वर्ष तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. या साली पाथरवाडीच्या अंगणात गनिमाचा पाय पडता कामा नये.

त्याच सुमाराला देशोदेशी एक नवल निघालं होतं. यंत्राची पाखरं. खाली बसून त्यांना चालवायचं. ती वर उडत, इकडेतिकडे बघत, आणि त्यांना जे दिसे ते खालच्या माणसाच्या हातातल्या आरशात उमटे. ज्या राजाकडे अशी पाखरं, त्याला शत्रू लपवून काही करता येत नसे. हौसाबाईने राजाला सांगितलं, "राजे, मला डोळे पाहिजेत. पाखरं घ्या." राजा आनंदाने तयार झाला. दवंडी पिटली.

पहिला आला सौदागर रत्नाकर. त्याने आणलेलं पाखरू म्हणजे गरुड होता. सोन्याची चोच, माणसाएवढे पंख, डोळ्यांत स्फटिक. राजवाड्याच्या गच्चीवरून तो उडाला तो मेघांना जाऊन भिडला. आरशात सगळी राजधानी दिसली. राजाला आपल्या बागेतला मोर दिसला. दरबार हरखून गेला. किंमत विचारली तेव्हा कारभारी दाजीपंतांनी कपाळाला हात लावला. एका गरुडाला निम्मा खजिना.

"महाराज," सौदागर म्हणाला, "आपल्यासारख्यांच्या दारात हाच शोभतो. दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीच्या पुढे हा उडत चालला आहे, असं डोळ्यांपुढे आणा."

राजाच्या डोळ्यांपुढे ते लगेच आलं. हौसाबाईच्या डोळ्यांपुढे गोठ्याचं दार आलं.

"सौदागर," ती म्हणाली, "याचा पंख मोडला तर कोण सांधणार?"

"आमच्या बंदरातला कारागीर येईल."

"कधी?"

"समुद्र शांत झाला की."

"आणि हा उडवणार कोण?"

"आमचाच माणूस. हे दुसऱ्याला जमायचं नाही."

"त्या माणसाला गनिमाने तुमच्यापेक्षा जास्त दिलं तर?"

सौदागर हसला. हौसाबाई हसली नाही. ती राजाकडे वळली. "राजे, बैल घेतो तेव्हा आपल्या रानात, आपल्या नांगराला जुंपून बघतो. विकणाऱ्याच्या अंगणात तर कुठलाही बैल नाचतो. गरुड कड्यावर चालवा, धुक्याच्या दिवशी. मग बोलू."

दाजीपंत म्हणाले, "सरलष्कर, आधी पूजा, मग उड्डाण. आपली रीत आहे."

"आधी उड्डाण," हौसाबाई म्हणाली. "आंधळ्या पाखराला कुंकू लावून त्याला दिसायला लागत नाही."

दुसरा आला लखू कारागीर. त्याची पाखरं पाहून दरबाऱ्यांना हसू आवरेना. बांबूच्या कामट्या, वर मेणकापड, शेपटीला चिंधी. नाव पाकोळी. एक पाकोळी फार तर एका नाळेपुरतं बघे. पण गरुडाच्या किमतीत पाकोळ्यांनी गाड्या भरल्या असत्या. लखूची जीभ मात्र सौदागरापेक्षा आखूड नव्हती. छाती पुढे काढून तो म्हणाला, "बाईसाहेब, लखूची पाकोळी कधी पडतच नाही."

"मग चालता हो," हौसाबाई म्हणाली. "जे कधी पडत नाही म्हणून सांगतात, ते पडल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नसतं."

लखूने मान खाजवली. "पडते, बाईसाहेब. वाऱ्यात तर हटकून पडते."

"आता खरं बोललास. तूही ये कड्यावर."

धुक्याचा दिवस बघून सगळे कड्यावर गेले. राजा गेला, दरबार गेला, शिपाई गेले. खाली दरीत धुकं गच्च भरलं होतं, कढईत दूध भरावं तसं. त्या कड्यांना एक खोड होती. वारा खालून वर येई, असा की ओंजळीतलं पाणी खाली ओतलं तर ते उलट तोंडावर उडे.

सौदागराच्या माणसाने गरुड सोडला. गरुड डौलाने वर गेला, आणखी वर गेला, आणि आरशात दिसलं पांढरं. नुसतं पांढरं.

"हे काय आहे?" राजाने विचारलं.

"धुकं, महाराज."

"ते मला इथूनही दिसतंय," राजा म्हणाला. "खाली ने त्याला. नाळेत."

सौदागर चपापला. "महाराज, खाली कडे आहेत, वारा उलटा आहे. गरुड आपटला तर?"

"तर काय?" हौसाबाईने विचारलं.

"तर ज्याने खाली न्यायला सांगितलं, त्याने भरायचं."

हौसाबाईने दरबाराकडे बघितलं. "बोला. कोण सांगतंय? दाजीपंत, तुम्ही सांगता? राजे, तुम्ही?" कुणी पुढे झालं नाही. राजाच एक पाऊल मागे सरला. निम्मा खजिना आभाळात घिरट्या घालत होता आणि त्याला खाली आणायची कुणाची छाती नव्हती.

मग हौसाबाईने लखूच्या हातातून पाकोळी घेतली. चालवायचं कसं ते विचारलं, आणि स्वतःच्या हाताने ती नाळेत सोडली. वाऱ्याने पाकोळी उचलली, गरगर फिरवली आणि कड्यावर आपटली. कामट्यांचा चुरा झाला. दरबारात खसखस पिकली. हौसाबाई म्हणाली, "दुसरी दे." दुसरी थोडी आत गेली आणि एका उंबराच्या फांदीत अडकून बसली. हसणं वाढलं. "तिसरी दे," हौसाबाई म्हणाली, आणि आता तिने वाऱ्याच्या विरुद्ध न जाता कड्याच्या अंगाला धरून पाकोळी खाली उतरवली. ती धुक्याच्या पोटाखाली शिरली. आरसा उजळला. नाळेचा तळ दिसला, ओले धोंडे दिसले, आणि धोंड्यांवरून चढणारी एका धनगराची शेरडं दिसली. त्यातलं एक लंगडत होतं, तेही दिसलं.

हसणं बंद झालं.

शिपाई पुढे सरकून आरशात बघू लागले, तेवढ्यात दाजीपंतांनी घसा साफ केला. "सरलष्कर, पाहिलं ते उत्तम. पण दोन पाखरं गेली. आज ती पूजलेली नाहीत म्हणून ठीक. उद्या दसऱ्याला पूजा झाली की पुढे प्रत्येक पाखरामागे एक सुतक. वेशीबाहेर बसायला जागा पुरायची नाही."

सगळे शिपाई दोन पावलं मागे गेले. गोंदाजी तर पार टोकाला जाऊन उभा राहिला. हौसाबाईने ते बघितलं, आणि तिला कळलं की पाखरं घेऊन भागणार नाही. या हातांत दिलेली पाकोळीसुद्धा मखमलीच्या पेटीत जाऊन बसेल. तिच्या मनात आलं, नियमावर बोट ठेवून आज मी सुटेन, पण माझे शिपाई सुटणार नाहीत.

ती राजासमोर जाऊन उभी राहिली. "राजे, ही रीत मी मोडते. या हंगामात ज्याचं पाखरू पडेल, तो वेशीबाहेर बसणार नाही. त्याने धावत येऊन मला सांगायचं, कुठे पडलं. आणि बसायचंच असेल, तर ज्याचं पाखरू न उडता घरी आलं त्याने बसायचं."

"आजोबांची रीत आहे, हौसाबाई," राजा हळूच म्हणाला.

"तुमच्या आजोबांच्या वेळी हत्यार म्हणजे तलवार. ती मुठीत राहायची. हे मुठीतून सुटल्याशिवाय कामाचंच नाही. आता माझी अट ऐका. या साली गनीम एकाही गावात शिरला, तर मी स्वतः डोकं भादरून वेशीबाहेर बसेन. दहा दिवस नव्हे, मरेपर्यंत. दाजीपंत रोज बघायला आले तरी चालतील."

गरुड उतरला होता, सौदागर त्याची चोच पुसत होता, ती चोच चमकत होती. राजाची नजर एकदा तिकडे गेली आणि परत आली. "एक हंगाम," तो म्हणाला. "तुम्ही हरलात तर पुढल्या दसऱ्याला गरुड."

सौदागर मुक्काम ठोकून राहिला. त्याला खात्री होती.

हौसाबाईने लखूशी सौदा केला तो असा. थोडे पैसे आता, बाकीचे हंगाम निभल्यावर. कामट्या आपल्या रानातल्या. आणि लखूने शिपायांना पाखरू सांधायला शिकवायचं, नुसतं उडवायला नव्हे. शिवाय खालच्या पेठेतल्या दुसऱ्या एका कारागिराकडूनही त्याच मापाची पाखरं करून घ्यायची.

लखू कळवळला. "बाईसाहेब, माझ्या पोटावर पाय देता."

"तुझ्या पोटाला कमी पडू देणार नाही. पण तुला ताप आला म्हणून माझी गावं जळू द्यायची का? एका खुंटीवर सगळी लुगडी टांगू नयेत, लखू. खुंटी निघते."

शिपाई शिकू लागले. पहिल्या पहिल्यांदा पाखरं पावसासारखी पडली. प्रत्येक वेळी पाडणारा पांढराफटक होऊन येई, आणि हौसाबाई त्याला एवढंच विचारी, "कुठे? कशाने?" वाऱ्याने म्हणाला तर वारा कुठून होता ते विचारी. फांदीने म्हणाला तर फांदी कुठली. हळूहळू शिपायांच्या मानेतला ताठा गेला. ते आपसांत चेष्टा करू लागले. "काय गोंदाजीराव, आज किती पाखरं जेवलात?" गोंदाजीने सर्वांत जास्त पाखरं पाडली होती, पण नाळांची वळणं आता त्याच्याइतकी कुणाला पाठ नव्हती.

दसरा झाला. भात कापलं. उडव्या उभ्या राहिल्या. आणि एका सकाळी दरी धुक्याने भरून आली.

हौसाबाईने कड्याच्या काठाने शिपाई पसरले होते, प्रत्येकाच्या हातात आरसा, खाली नाळेत पाखरू. तिने आपलं मुख्य दळ मधोमध राखून ठेवलं होतं, कुठेही धाडता येईल असं. आरशांत धोंडे दिसत होते, पाणी दिसत होतं, झुडपं दिसत होती. सूर्य वर आला नव्हता तोच गोंदाजी धावत आला.

"बाईसाहेब, माझं पडलं."

"कुठे?"

"कावळ्याच्या नाळेत. दुसऱ्या वळणावर."

"कशाने?"

"तेच कळेना. तिथे वारा नसतो. झाडही नाही."

हौसाबाईचे डोळे बारीक झाले. "दुसरं सोड. त्याच वळणावर."

दुसरं पाखरू गेलं. वळणाजवळ पोचलं आणि आरसा काळा झाला.

"हेही गेलं, बाईसाहेब," गोंदाजी म्हणाला. त्याच्या आवाजात आता भीती नव्हती.

"तिसरं सोड. या वेळी खालून नको, कड्याला चिकटून वरून ने."

तिसऱ्या पाखराने क्षणभरच बघितलं. पण तेवढं पुरलं. आरशात माणसं दिसली. खांद्यावर दोर, दातांत सुरे, आणि एकजण धनुष्य वर करत होता. बाण सुटला, आरसा विझला.

शेजारी उभा असलेला एक नाईक म्हणाला, "बाईसाहेब, ही हूल असली तर? आपण इकडे धावायचं आणि ते पलीकडून यायचे."

"म्हणून बाकीच्यांना विचार, त्यांना काय दिसतंय."

काठाने दबक्या आवाजात विचारणा फिरली. शेरडं, म्हणाला एक. काही नाही, म्हणाला दुसरा. नुसतं पाणी, म्हणाला तिसरा. हौसाबाईने मान हलवली. रिकामी नाळ दाखवणारं पाखरूही तिला तेवढंच मोलाचं होतं. तिने बाकीच्या नाळांवर आरशांचे पहारे ठेवले आणि सगळं दळ कावळ्याच्या नाळेच्या तोंडाशी नेऊन बसवलं, चिडीचूप.

नाळेचं तोंड एवढं अरुंद, की एका वेळी एकच माणूस वर येई. पहिला गनीम धुक्यातून वर आला, हात टेकायला धोंडा शोधू लागला, आणि त्याच्या हाताला गोंदाजीचा हात लागला. तोंडावर फडकं, पाठीमागे हात, बाजूला. मग दुसरा. मग तिसरा. वेलावरच्या शेंगा तोडाव्या तसे एकेक तोडून घेतले. मागच्याला वाटे पुढचा वर पोचला. पुढचा खरोखरच पोचलेला होता. शेवटी त्यांचा सरदार धापा टाकत वर आला आणि समोर म्हातारी बाई बघून तसाच उभा राहिला.

त्याला बांधलं तेव्हा तो चडफडत म्हणाला, "आम्ही तुमची पाखरं पाडली होती. एक सोडलं नाही. तुम्ही आंधळे व्हायला हवे होतात."

"पाडलीत म्हणून तर दिसलात," हौसाबाई म्हणाली. "चल, पाथरवाडी बघायला आला होतास ना? बघ. दोर मात्र माझ्या हातात राहील."

पाथरवाडीच्या बायका शेतात गवत कापत होत्या. विळा हातात घेऊन त्या बांधावर उभ्या राहिल्या आणि दोराला बांधलेली ती रांग पुढून जाताना बघत राहिल्या. हौसाबाईची भावजय पुढे आली. सालभर ती हौसाबाईशी धड बोलली नव्हती. तिने हौसाबाईच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "वन्सं, जेवून जा." सगळं दळ त्या दिवशी नव्या भाताचं जेवलं. ढोल वाजले ते सूर्य कलेपर्यंत थांबले नाहीत.

राजधानीत नगारे झडले. राजा वेशीपर्यंत पायी सामोरा आला. सौदागर रत्नाकर त्याच्या आधी दुसऱ्या वेशीने निघून गेला होता, आणि राजाने त्याला बोलावून आणायला कुणाला धाडलं नाही. लखूला आणि त्याच्या जोडीच्या कारागिराला बाकीचे पैसे मिळाले, वर पागोटं मिळालं.

दरबार भरला. दाजीपंत कामाचे माणूस. आनंदाच्या दिवशीही त्यांना नुकसान सांगितल्यावाचून राहवेना. "महाराज, विजय मोठा आहे. पण सांगणं माझं काम. निम्म्याच्या वर पाखरं गेली."

राजाने हौसाबाईकडे बघितलं. "एवढी गेली?"

"गेली," हौसाबाई म्हणाली. "माणसं सगळी आली."

तात्पर्य: जे हत्यार गमवायची आपली छाती नाही ते हत्यार नव्हे, ओझं, म्हणून घ्यायचं ते आपल्या वाऱ्यात पारखून, आपल्या हाताने सांधता येईल असं आणि एकाच विकणाऱ्यावर न विसंबता घ्यावं, आणि नुकसान झालं हे सांगायला येणाऱ्याला लाज वाटणार नाही अशी रीत हत्यार घेण्याच्या आधी घालावी.